परळचा काळा पाक, पांढरकवड्याची पिवळी गोळी

मावशीच्या डाव्या पायातली चप्पल निसटली, ते तिला कळलंच नाही. पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर आम्ही यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. ती पाणी प्यायला नळाकडे निघाली आणि एक पाय अनवाणी ठेवूनच दहा-बारा पावलं चालत गेली. दुपारची वेळ, डांबर तापलेलं. मागून एका पोराने हाक मारली, "आजी, चप्पल राह्यली!" तेव्हा तिने खाली पाहिलं.

"मले पाय जमिनीले लागल्यावानीच वाटत नाई रे," ती म्हणाली. जणू काही नेहमीचीच गोष्ट.

मावशी बहात्तर वर्षांची. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडं-मटण लग्नानंतर कधी तोंडात गेलं नाही. वर्षभर तिला धाप लागायची, चेहरा पांढुरका दिसायचा. तिच्या नातवाला सिकलसेल आहे. आपल्या विदर्भात हा आजार किती घरांत शिरलेला आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या पोराच्या डब्यात रोज एक घ्यायच्या छोट्या पिवळ्या गोळ्या असतात, फोलिक ॲसिडच्या, पाच मिलिग्रॅमच्या. मावशीने परस्पर त्यातली एकेक गोळी घ्यायला सुरुवात केली होती. "पोराच्या डब्यातल्या गोया खाल्ल्या त जरा तरतरी आली." आली होती खरी. गालांवर रंग आला होता. पण मुंग्या मात्र तळव्यांपासून घोट्यापर्यंत चढल्या होत्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तिचे डोळे मिटवून घेतले, पायाचं बोट वर-खाली केलं आणि विचारलं, "बोट वर आहे का खाली?" मावशीला सांगता येईना. त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला, पिवळ्या गोळ्या सध्या बंद करायला सांगितल्या आणि एक इंजेक्शन लिहून दिलं. त्याचा रंग लाल, पातळ कोकमाच्या सरबतासारखा. गोळीने अर्धं बरं कसं केलं आणि अर्धं बिघडू कसं दिलं, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. उत्तर शोधत मागे मागे गेलो, तेव्हा त्या पिवळ्या गोळीचा माग थेट मुंबईत, परळला जाऊन पोचला.

साल 1928. यवतमाळचा कापूस तेव्हा शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला जायचा. ज्या गिरण्यांत त्याचं सूत व्हायचं, त्या गिरण्या त्या वर्षी जवळपास सहा महिने बंद होत्या, कारण गिरणी कामगारांचा तो प्रसिद्ध संप सुरू होता. परळ-लालबागच्या चाळींत चुली कशाबशा पेटत होत्या. त्याच परळमध्ये, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, हाफकिन इन्स्टिट्यूट होती. वाल्देमार हाफकिन यांनी 1899 मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी तिथे प्रयोगशाळा थाटली होती. त्या इमारतीत चाळिशीच्या एका इंग्रज डॉक्टर बाईंनी सूक्ष्मदर्शक मांडला. त्यांचं नाव ल्यूसी विल्स.

विल्स यांचं शिक्षण केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात झालं, डॉक्टरकी लंडनला. रुग्णाचं नुसतं तोंड पाहून निदान करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. रसायनाने आणि पेशी मोजून खात्री करण्याकडे त्यांचा ओढा. भारतात बाळंतपणात बायका का मरतात, याची मोठी चौकशी तेव्हा सुरू होती. तिच्यातला रक्तक्षयाचा भाग विल्स यांच्याकडे आला.

हा रक्तक्षय साधा नव्हता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पिवळी-पांढरी पडायची, पाय सुजायचे, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी व्हायची, जुलाब लागायचे. रक्ताचा थेंब काचेवर पसरला की तांबड्या पेशी थोड्याच दिसायच्या, आणि ज्या दिसायच्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटंच चाललेलं. हाडांच्या मगजात पेशी फुगत होत्या, पण त्यांचं विभाजन होत नव्हतं. भाकरीचा उंडा मोठा मोठा होत जावा आणि त्याच्या भाकरी मात्र थापल्याच जाऊ नयेत, तसं.

हीच लक्षणं असलेला एक आजार युरोप-अमेरिकेत माहीत होता, म्हातारपणी होणारा 'पर्निशस ॲनिमिया'. त्यावर 1926 मध्ये बॉस्टनच्या मिनो आणि मर्फी यांनी उपाय काढला होता: रोज भरपूर काळीज खाऊ घालायचं. मुंबईतल्या बायकांनाही काळजाच्या अर्काने गुण यायचा. पण तो महाग होता, आणि वॉर्डातल्या कितीतरी जणींना तोंडात घेणंही शक्य नव्हतं. विल्स यांना स्वस्त काहीतरी हवं होतं, आणि त्याआधी कारण हवं होतं.

त्यांनी दोन बाजूंनी शोध सुरू केला. एक बाजू घरांची. एस. एन. तळपदे या सहकाऱ्यासोबत त्यांनी मुंबईच्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली आणि ती 1930 मध्ये छापली. कुणाच्या ताटात भाजी किती, डाळ किती, दूध-फळं येतात का, खोलीत ऊन येतं का. आजच्या भाषेत ही साधी आहार-पाहणी वाटेल. मला मात्र या सगळ्या कथेतला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण रोगाचा धागा तिथेच सापडला. ज्यांचं ताट सर्वांत रिकामं, त्या गरीब मुसलमान बायकांत हा रक्तक्षय सर्वांत जास्त होता. जंतू असते तर त्यांनी ताट पाहून माणूस निवडला नसता.

दुसरी बाजू पिंजऱ्यांची. विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना त्या बायकांच्या ताटासारखंच अन्न द्यायला सुरुवात केली. गाभण उंदरीण अशक्त व्हायची, रक्त उतरायचं आणि पिल्लं होण्याआधीच मरायची. अन्नात यीस्ट घातलं की ती वाचायची. उत्तर हाती आलं असं वाटलं, आणि तेवढ्यात एक अडचण उभी राहिली. उंदरांच्या अंगावर उवा होत्या. त्या उवा बार्टोनेला नावाचा जंतू पसरवत होत्या, आणि तो जंतूही रक्त उतरवतो. म्हणजे उंदीर अन्नामुळे मेले की उवांमुळे, हे खात्रीने सांगता येईना. कितीतरी महिन्यांच्या कामावर पाणी पडल्यासारखं झालं.

पुढे त्यांनी माकडांवर तोच प्रयोग केला. तिथे उवांचा घोळ नव्हता. कमअस्सल अन्नावर माकडांनाही तसाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला, आणि पुरावा पक्का झाला. पण वॉर्डातल्या बायकांना तेवढा दम नव्हता.

अ जीवनसत्त्व देऊन पाहिलं, उपयोग नाही. क देऊन पाहिलं, उपयोग नाही. मग विल्स यांनी मार्माइट आणलं. दारूच्या भट्टीत तळाला उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडमध्ये बनणारा हा दाट, काळा, खारट पाक. तिकडे तो पावावर लावून खातात. काकवीसारखा दिसतो, पण चव मुळीच गोड नाही. स्वस्त, बाटलीत टिकणारा, मांसाचा अंश नसलेला. परळच्या त्या काळात याहून सोयीचं औषध मिळालं नसतं.

चौथ्या दिवसाच्या आसपास फरक दिसू लागला. आधी भूक परतली. अन्नावरून वासना उडालेली बाई जेवायला मागू लागली. मग काचपट्टीवर नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या आणि आकडा चढत गेला. विल्स यांनी ही निरीक्षणं जून 1931 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. यीस्टमध्ये काहीतरी आहे, ते काळजातही आहे, आणि ते नसलं की रक्ताच्या पेशी पुऱ्या होत नाहीत. त्या 'काहीतरी'ला नाव नव्हतं. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

ज्यांच्या बोटातून रक्ताचे थेंब घेतले, ज्यांनी तो खारट पाक गिळला, त्या बायकांची नावं त्या लेखात नाहीत. माझं मन तिथे अडकतं. बोट टोचताना त्यांनी काय विचारलं असेल, कुणी त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं असेल का?

विल्स यांनी आणखी एक गाठ सोडवली, आणि मावशीच्या पायांशी तीच येऊन जुळते. पर्निशस ॲनिमियासाठी काळजाचा अर्क जसजसा शुद्ध होत गेला, तसतसा तो त्या आजारावर जास्त गुणकारी ठरला. मुंबईतल्या आजारावर मात्र तोच शुद्ध अर्क चालेना. जुना, गाळ असलेला अर्कच चाले. विल्स 1937-38 च्या हिवाळ्यात दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. 1938 मध्ये बार्बरा इव्हान्स यांच्यासोबत त्यांनी मांडलं की काळजात दोन वेगळे पदार्थ आहेत. शुद्ध करताना एक राहतो आणि दुसरा धुऊन जातो. राहतो तो पुढे बी-12 ठरला. धुऊन जाणारा विल्स यांचा.

1941 मध्ये टेक्सासच्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक उकळून, गाळून त्यातून एक पदार्थ चिमूटभर वेगळा केला. लॅटिनमध्ये पान म्हणजे 'फोलियम', म्हणून त्यांनी त्याचं नाव 'फोलिक ॲसिड' ठेवलं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या तरुणपणी सख्खा भाऊ 'स्प्रू' या आतड्याच्या आजाराने गेला होता. आतडं अन्नातलं सत्त्व ओढून घेईनासं होतं, तो हा आजार. भावाला वाचवू शकलं असतं असं औषध वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालं.

फोलेट पेशीत करतं काय? ते एकेक कार्बनचा अणू इकडून तिकडे पोचवतं, डाकेतल्या माणसासारखं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, थायमिन, बनवायला हा कार्बन लागतो. तो मिळाला नाही तर पेशी वाढते, पण तिला आपल्या डीएनएची नक्कल करता येत नाही, म्हणून फुटता येत नाही. हाडाच्या मगजात दर सेकंदाला लाखो पेशी तयार होतात, म्हणून तुटवडा तिथे आधी दिसतो. सिकलसेल झालेल्या पोराच्या तांबड्या पेशी एकशेवीस दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडतात. मगजाला सारखी भरपाई करावी लागते, म्हणून त्याला रोजची पिवळी गोळी.

पण ताटातलं फोलेट पेशीच्या आत शिरतं कसं, हा प्रश्न गोळी बाजारात येऊन साठ वर्षं झाली तरी नीट सुटला नव्हता. पेशीला तेलकट पापुद्रा असतो. फोलेट पाण्यात विरघळणारं, विद्युतभारित. पापुद्र्यातून ते आपोआप जाणं शक्य नाही. दार हवं. एक दार माहीत होतं, पण ते साध्या, न आंबट न क्षारीय अशा पाण्यात चांगलं चालायचं. आतड्यात फोलेट सर्वांत जोरात शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला, आणि तिथे पेशींच्या पृष्ठभागावरचा थर आंबट असतो. म्हणजे तिथे दुसरं दार असणार.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधले डेव्हिड गोल्डमन त्याच्या मागे लागले. त्यांच्या चमूने हेला पेशी घेतल्या. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून, तिला न विचारता काढलेल्या त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढताहेत. ओळखीचं दार काढून टाकलेल्या हेला पेशी त्यांनी बनवल्या. तरीही, भोवतालचं पाणी आंबट केलं की त्या फोलेट आत घ्यायच्या! दार होतं, नुसतं दिसत नव्हतं.

मग संशयित जनुकं पारखणं सुरू झालं आणि एकावर बोट आलं. घोटाळा असा की ते जनुक आधीच दुसऱ्याच्या नावावर चढलेलं होतं. 2005 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी 'सेल' या नियतकालिकात हेच प्रथिन मांसातलं लोह, म्हणजे हीम, आत नेणारं दार म्हणून जाहीर केलं होतं. गोल्डमन यांचे सहकारी अँडाँग क्यू आणि इतरांनी ते बेडकाच्या अंड्यांच्या पेशीत घातलं. पेशी आंबट पाण्यात फोलेट ओढून घेऊ लागल्या, आणि हीमपेक्षा फोलेटवर त्या प्रथिनाची पकड कितीतरी घट्ट निघाली. तरीही माणसाच्या शरीरात ते खरंच हेच काम करतं का? याचा निकाल एका कुटुंबाने दिला. जन्मतःच फोलेट शोषता न येणारी मुलं काही घरांत जन्मतात. त्यांना तोंडाने कितीही द्या, रक्तात पोचत नाही. अशा घरातल्या रुग्णाचं हेच जनुक तपासलं, तर ते बिघडलेलं निघालं. डिसेंबर 2006 मध्ये, त्याच 'सेल'मध्ये, दाराला त्याचं खरं नाव मिळालं. विल्स यांच्या लेखानंतर पंचाहत्तर वर्षांनी.

या दाराचा स्वभाव बारकाईने पाहण्यासारखा आहे. भाजी-डाळीतल्या फोलेटला ग्लुटामेटची लांब शेपटी असते. शेपटीसकट ते दारातून मावत नाही. आतड्याच्या पेशींवर बसलेलं एक विकर ती शेपटी छाटतं, एकच मणी ठेवतं. मग आंबट थरातल्या हायड्रोजन आयनाचा हात धरून फोलेट आत शिरतं. रक्तातून फिरत ते दुसऱ्या पेशीत पोचलं की तिथे पुन्हा शेपटी जोडली जाते, म्हणजे ते बाहेर निसटू नये. गोठ्याच्या फाटकातून आत घेताना बैलाचा कासरा सोडावा आणि आत गेल्यावर त्याला दाव्याला बांधावं, अगदी तस्संच.

आता म्हातारपणाकडे येतो. वय वाढलं की पुष्कळांच्या जठराचं अस्तर झिजतं आणि आम्ल कमी होतं. आंबटपणावर चालणाऱ्या दारावर त्याचा परिणाम व्हायलाच हवा. दाराचं नाव कळण्याच्या वीस वर्षं आधी, 1986 मध्ये, बॉस्टनच्या रॉबर्ट रसेल यांच्या चमूने हे दाखवलं होतं. असं अस्तर झिजलेल्या वयस्कर माणसांत फोलिक ॲसिड कमी शोषलं जायचं. त्यासोबत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल पाजलं की शोषण सुधारायचं. तरी त्यांच्या रक्तात फोलेटचा दुष्काळ नव्हता. आम्ल कमी झाल्याने वरच्या आतड्यात वाढलेले जंतूच फोलेट बनवून देत होते! शरीराची ही सोय वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

बी-12 ला मात्र असा कुणी वाली नाही. ते अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. तिथून सोडवायला जठराचं आम्ल लागतं, मग जठरातच बनणारं एक वाहक प्रथिन लागतं, आणि त्यांची जोडी घेणारं दार थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. ही साखळी म्हातारपणी पहिल्याच कडीला ढिली होते. त्यात मावशीसारखी माळकरी बाई. बी-12 बनवतात जीवाणू, आणि ते आपल्यापर्यंत येतं मांस, अंडी, दुधातून. भाजीभाकरीत ते नाही. मावशीच्या घरचं दूध चहापुरतं.

फोलेट आणि बी-12 एकाच जात्याला जोडलेले दोन हात आहेत. बी-12 नसलं की फोलेट एका रूपात अडकून पडतं, कामाला येत नाही. बाहेरून गोळीने भरपूर फोलिक ॲसिड दिलं तर रक्ताचं काम कसंबसं पुढे सरकतं, गालांवर रंग येतो. मज्जातंतूंचं वेष्टण सांभाळायला मात्र बी-12 च हवं. ते झिजतच राहतं, आणि रक्त सुधारल्यामुळे कुणाला संशय येत नाही. विल्स यांनी ज्या दोन पदार्थांना वेगळं करून दाखवलं, त्यांतला एकच मावशी रोज गिळत होती.

आपल्याकडे ही जोडी किती महत्त्वाची, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वेगळ्या टोकाकडून दाखवलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. 2008 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. गर्भातल्या पेशींना मिळालेलं असमतोल रसद-पाणी पुढच्या आयुष्याच्या चयापचयापर्यंत पोचतं.

मी मावशीला हे सगळं सांगितलं, तेव्हा ती अंबाडीची भाजी उकडत होती. उकडून झाली की आंबट पाणी ओतून द्यायचं, ही आपली नेहमीची रीत. फोलेट पाण्यात विरघळतं, उष्णतेने मोडतं, असं मी म्हणालो. तिने गंजातलं पाणी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग इतके वर्सं मी तं त्याले नालीतच टाकत आली." त्या दिवशी तिने अर्धं पाणी कण्यांत घातलं. कण्या जास्तच आंबट झाल्या, पण नातवाने खाल्ल्या.

लाल इंजेक्शनांना आता तीन महिने होत आले. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूला वेळ लागतो, घाई करू नका. पोराच्या गोळ्या आता पोराच्याच डब्यात राहतात. सकाळी सडा झाल्यावर मावशी ओल्या अंगणात अनवाणी उभी राहते, आधी उजवा पाय, मग डावा. मी फोन केला की ती पहिलं तेच सांगते.

"उजव्याले आज थंड लागलं. डाव्याले अजून नाई."